'काळजात हात घालू नये' : साताऱ्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री दुकान बंद करून आल्यावर वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण घरच्यांनी आधी जेवायला बसवलं. बरं झालं. त्या रात्री लिहिलं असतं तर शब्द आवरले नसते.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, पेसमेकर का थांबला ते मी लिहिलं होतं. पेसमेकर न सांगता क्वचितच बंद पडतो. बॅटरी असो की वायर, बहुतेक वेळा काही महिने आधी इशारा मिळतो, पण तो तपासणीच्या मशीनवर दिसतो, घरात बसून दिसत नाही. म्हणून तपासणी चुकवू नका, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर साताऱ्याच्या या वाचकांनी लिहिलं :

"पेसमेकर हे सीलबंद यंत्र आहे, दहा वर्षं बघायचं कारण नाही असं आम्हाला सांगितलेलं आहे. माझ्या वडिलांना २०१७ साली बसवला, त्यानंतर एकदाही दाखवला नाही, ठणठणीत आहेत. तुम्ही सहा महिन्यांच्या तपासणीचं खूळ काढून म्हाताऱ्या माणसांना घाबरवताय. मायक्रोवेव्हचं तर वीस वर्षांपूर्वीचं झालं, मोबाईलचंही अति केलंय. मोटारी भरणाऱ्याने मोटारी भराव्यात, लोकांच्या काळजात हात घालू नये."

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते लागलं.

होय, मी मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळतो. सांगलीजवळ कुपवाडला ३१ वर्षं झाली. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या विहिरींवरच्या पाणबुडी मोटारी, मार्केट यार्डातल्या हळद पॉलिशच्या ढोलाच्या मोटारी, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. ऐन एप्रिलमध्ये मोटार जळाली आणि बाग वाळायला लागली की माणूस रात्री अकराला दार ठोठावतो आणि मी उठून कॉइल काढायला बसतो. या कामाची मला कधी लाज वाटली नाही. तुम्ही ते शब्द ज्या सुरात लिहिलेत, तो सूर मला ओळखीचा आहे. बँकेत, कॉलेजच्या ऑफिसात, दवाखान्यातसुद्धा ऐकलाय. मुद्दा खोडता आला नाही की माणसाचा धंदा काढायचा. तुम्ही शिकलेले दिसता, म्हणून जास्त वाईट वाटलं.

आणि डॉक्टर असल्याचा आव मी कुठे आणला? लेखात एका गोळीचं नाव नाही. 'डॉक्टरांना विचारा' हे मी चार ठिकाणी लिहिलंय, मोजून बघा.

आता मोटारवाल्यांचं बोलू. १९५७ सालापर्यंत अमेरिकेत पेसमेकर म्हणजे भिंतीच्या प्लगवर चालणारी पेटी होती. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मिनियापोलिसमध्ये वीज गेली. हृदयाच्या ऑपरेशननंतर अशा पेट्यांना जोडलेली लहान मुलं तिथल्या विद्यापीठाच्या दवाखान्यात होती. सर्जन वॉल्टन लिलेहाय यांनी काय केलं? अर्ल बॅकन नावाच्या माणसाला गाठलं. बॅकन कोण? गॅरेजमध्ये दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. त्याने काही आठवड्यांत बॅटरीवर चालणारा, अंगावर बांधून फिरता येईल असा पेसमेकर करून दिला. लिलेहाय त्याला 'तू यंत्रं दुरुस्त कर, काळजात हात घालू नकोस' असं म्हणाले नाहीत.

दुसरे विल्सन ग्रेटबॅच, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. हृदयाचे ठोके नोंदवण्याचं सर्किट जोडताना त्यांनी चुकून भलताच रेझिस्टर लावला आणि सर्किट ठोके द्यायला लागलं. त्यातून शरीरात बसवायचा पेसमेकर त्यांनी बनवला, १९६० मध्ये तो माणसांत बसला. तेव्हा मर्क्युरीच्या बॅटऱ्या दोन वर्षांत टेकीला यायच्या. मग ग्रेटबॅच बॅटरीच्याच मागे लागले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लिथियम-आयोडीनची बॅटरी आली. तुमच्या वडिलांच्या छातीतली लिथियमची बॅटरी त्याच वाटेने आलेली आहे. पेसमेकर ही डॉक्टर आणि वायरवाले दोघांची मिळून गोष्ट आहे, आणि बंद पडतो तेव्हा बिघाड बहुधा आमच्या बाजूचा असतो : बॅटरी, वायर, जोड, इन्सुलेशन.

'दहा वर्षं' हा आकडा येतो कुठून तेही बघा. या बॅटरीची क्षमता साधारण एक अँपिअर-अवर धरा. पेसमेकरने सरासरी १० मायक्रोअँपिअर (एक मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग) ओढले तर एक लाख तास, म्हणजे अकरा वर्षांच्या वर. २० ओढले तर त्याच्या निम्मं, पावणेसहा वर्षं. पेसमेकरचा डबा तोच, कंपनी तीच. एखाद्याचं हृदय बराच वेळ स्वतः चालतं आणि पेसमेकर नुसता लक्ष ठेवतो, दुसऱ्याला मिनिटाला ६० म्हणजे दिवसाला ८६,४०० ठोके सगळे पेसमेकरनेच द्यावे लागतात. दोघांना एकच दहा वर्षं कशी लागू पडतील? शेतातल्या दोन मोटारी रोज सारख्या तास चालतात का?

आण्णांचं असंच झालं. डिसेंबर २०१० मध्ये मिरजेला बसवला. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात ठोका पोचतच नव्हता, पूर्ण ब्लॉक, म्हणजे शंभरातले शंभर ठोके यंत्राचे. बसवल्यावर पहिले काही आठवडे लीडचं, म्हणजे डब्यातून हृदयात जाणाऱ्या वायरचं, टोक जिथे टेकतं तिथे सूज येते आणि ठोका लागू पडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून सुरुवातीला आउटपुट, म्हणजे ठोक्याचं व्होल्टेज, मुद्दाम चढं ठेवतात. आण्णांचं ५ व्होल्ट होतं. दोन-तीन महिन्यांनी सूज ओसरली की पेशंटला बोलावून तपासतात आणि आउटपुट खाली आणतात. आम्ही आठव्या दिवशी टाके दाखवायला गेलो आणि नंतर गेलोच नाही. डिस्चार्जच्या कागदावर पुढची तारीख लिहिलेली होती. पण पेसमेकर देताना एका माणसाने 'दहा वर्षं निर्धास्त राहा' असं सांगितलं होतं. तो कोण ते लिहीत नाही, त्याने आता काही होणार नाही. ते वाक्य आम्हाला सोयीचं होतं, म्हणून तेवढंच लक्षात राहिलं.

व्होल्टेज दुप्पट केलं की एकेका ठोक्याचा खर्च चौपट होतो, हे मला आयटीआयच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. घरात मात्र ते सुचलं नाही. सर्किटचा स्वतःचा खर्च असतोच, त्यामुळे आउटपुट निम्मं केलं म्हणून आयुष्य चौपट होत नाही. पण वर्षं वाढतात. काही मॉडेल स्वतःच मोजून आउटपुट कमी करतात, आण्णांच्या मॉडेलमध्ये ती सोय नव्हती. साडेपाच वर्षं तो डबा ५ व्होल्टवर चालत राहिला.

जून २०१६. सकाळी साडेसहाला आण्णा चहा घेत होते. कप हातातून सुटला, मान मागे गेली, डोळे वर. दहाएक सेकंदांनी रंग परत आला आणि विचारलं, "कप कुणी पाडला?" मी मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळावर पुरा मिनिट मोजला. ३२. पेसमेकर ६० ला लावलेला होता. शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून मिरज गाठली, वाटेत दोनदा परत तसंच झालं. तिथे मशीनची ती माउससारखी पट्टी छातीवर ठेवली तर डबा उत्तरच देईना. मानेतून तात्पुरती वायर घातली, तिसऱ्या दिवशी डबा बदलला. लीड तीच राहिली. ती मोजली तेव्हा ठोका एका व्होल्टला लागत होता. अडीच व्होल्ट ठेवले असते तरी अडीचपट राखीव होतं.

जुना डबा मी मागून घेतला. दुकानात तांब्याची तार तोलायच्या काट्यावर ठेवला, २६ ग्रॅम भरला. तो अजून कपाटात आहे. खूळ म्हणायचं असेल तर म्हणा.

आता 'सीलबंद'. टायटॅनियमचा डबा सीलबंद आहे हे खरं. पण डब्यातून निघालेली लीड शिरेतून हृदयात जाते आणि वर्षाला तीन कोटींवर ठोक्यांबरोबर हलते. ती सीलबंद कशी? काही जणांत गळ्याचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये ती दाबली जाते आणि तिथेच तुटते. मोटारीची केबल ग्लँडपाशी, म्हणजे ती मोटारीत शिरते तिथे, तुटते, तसंच. तार तुटली की रोध एकदम वाढतो, वरचं आवरण फाटलं की घसरतो. मशीनवर हे आकडे दिसतात, आधीच्या भेटीचे आकडे फाईलमध्ये असतील तर फरक लगेच कळतो. डब्याला लीड जिथे स्क्रूने आवळतात तो जोड सैल राहिला तरी हेच. आणि यातला वाईट भाग असा, की अर्धवट तुटलेल्या तारेतून खरखर येते, पेसमेकर त्या खरखरीलाच हृदयाचा ठोका समजतो आणि गप्प बसतो. बॅटरी भरलेली, यंत्र चालू, आणि माणूस चक्कर येऊन खाली. डबा कातडीखाली सारखा चाळवण्याची सवय काहींना असते, त्याने लीड गुंडाळत जाऊन जागची सुटते. आण्णांनाही ती सवय होती, हात बाजूला करावा लागायचा. जागा लाल झाली, गरम लागली, पाणी आलं, तर घरी लेप लावत बसायचं नाही, बसवणाऱ्या डॉक्टरांकडेच जायचं.

मायक्रोवेव्हबद्दल तुमचं बरोबर. आताच्या पेसमेकरना चांगल्या स्थितीतल्या घरगुती मायक्रोवेव्हचा त्रास होत नाही. माझं वाक्य जुनं होतं, लेखातून काढलं, खाली तशी नोंदही केली. चूक दाखवलीत त्याबद्दल आभार.

मोबाईलचं मात्र अति केलेलं नाही. वापरू नका असं मी कुठेही म्हटलं नाही. पेसमेकरवरच्या खिशात ठेवू नका, सहा इंच अंतर राखा, दुसऱ्या कानाला लावा, एवढंच लिहिलं. नव्या काही फोनच्या पाठीत चुंबक असतं, आणि चुंबक जवळ आलं की पेसमेकरची चाल बदलते. वेल्डिंगवर तुम्ही काही म्हणाला नाहीत, पण कुपवाडला ते रोजचं आहे म्हणून परत सांगतो : छातीत पेसमेकर असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय होल्डर हातात घ्यायचा नाही. माझ्या दुकानात आर्मेचर (मोटारीचा तार गुंडाळलेला फिरता भाग) तपासायचा ग्राउलर, म्हणजे विजेवरचा मोठा चुंबक, चालू असला की आण्णांना मी आत येऊ देत नव्हतो.

'म्हाताऱ्या माणसांना घाबरवताय' याला एवढंच उत्तर, की त्या लेखानंतर दोन घरांतून फोन आले आणि दोन्ही घरची माणसं तपासून आली. घाबरून आली असतील तर घाबरून. आली हे महत्त्वाचं.

राहिले तुमचे वडील. उत्तराच्या सुरुवातीलाच यायला हवं होतं ते शेवटी आलं, कारण तुमचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. 'दहा वर्षं बघायचं कारण नाही' असं डॉक्टरांनी सांगितलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. आमच्यासारखं तुमच्याही घरी कुणीतरी सोयीचं तेवढंच ऐकलं असावं. बसवल्यावर दोन-तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी ते वर्षाने, आणि बॅटरी उतरायला लागली की त्याहून लवकर, अशी तपासणी असते. २०१७ चा डबा एकदाही तपासलेला नाही, म्हणजे त्याचं आउटपुट कितीवर आहे हे आज तुमच्या घरात कुणालाच माहीत नाही. बदलायची वेळ आली हे यंत्र सांगतं, आणि त्यानंतर साधारण तीन महिने हातात असतात. तो निरोप येऊन गेला असेल तरी वाचणारं कुणी नव्हतं.

कपाटातून पेसमेकरचं कार्ड आणि जुनी फाईल काढा. कार्डावर कंपनी आणि मॉडेल असतं, यंत्र मिनिटाला किमान किती ठोक्यांवर लावलंय ते फाईलमध्ये मिळेल. वडिलांना पाच मिनिटं शांत बसवून मनगटावर पुरा एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. आकडा बरोबर लागला तरी या आठवड्यात त्यांना बसवलेल्या ठिकाणी घेऊन जा, कारण बॅटरी उतरत आलेली असतानाही नाडी ठीक लागू शकते. आणि फाईलमधल्या आकड्याच्या बरीच खाली लागली, किंवा त्यांना कधी डोळ्यांपुढे अंधारी आल्यासारखं झालं असेल, तर मला उत्तर लिहीत बसू नका, आधी गाडी काढा.