बस लेन रिकामी दिसते म्हणून वाया गेली असं नाही
तो फोटो सगळीकडे फिरतोय, गाड्या अडकल्यात आणि शेजारची बस लेन मोकळी, वर लिहिलंय 'बघा, रस्ता वाया घालवला'. अहो, बस निघून गेली म्हणूनच तर मोकळी दिसतेय ना! मिनिटाला एक बस, आत ६० माणसं धरली तर तासाला ३६०० जण जातात, आणि कारच्या लेनमधून सिग्नल धरून तासाला ७००-८०० गाड्या सुटल्या तरी खूप, त्यात बऱ्याच गाड्यांत एकटा ड्रायव्हर. कोलंबियाची राजधानी बोगोटा, तिथली ट्रान्समिलेनिओ ही वेगळ्या लेनमधून धावणारी बससेवा, २००० साली सुरू झालेली, एका दिशेला तासाला ४० हजारांवर माणसं नेते, अर्थात तिथे स्टॉपवर ओव्हरटेकला जादा लेन आहे. हां, वीस मिनिटांनी एक बस येत असेल तर शिव्या द्याच, पण लेनला नाही, बस कमी सोडणाऱ्यांना.