आर्टिचोक सोलायला कोणी आहे का?

रोममध्ये फेब्रुवारी आला की बाजारात जांभळट-हिरव्या आर्टिचोकचे ढीग लागतात आणि आमच्या घरात कटकट सुरू होते, कारण नवऱ्याला ते अख्खे तळलेलेच हवे असतात आणि सोलायचे मात्र मी. भाजीवाला सोलून देतो हो, पण सोललेल्याचा भाव वेगळा.

मुळात ही काटेरी झुडपाची न उमललेली कळी. बाहेरची जून पानं काढत जायचं, काढत जायचं, कचऱ्याची पिशवी भरते आणि हातात एवढंसं काहीतरी उरतं. परत कापलं की काळं पडतं म्हणून लिंबाच्या पाण्यात ठेवायचं. माझ्या बोटांचं काय पण? आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, हे तर केळफूलच की! हाताला तेल लाव आधी." लावलं, तर सुरी सटकायला लागली.

आणि तळणं दोनदा! आधी मध्यम तेलात मऊ होईपर्यंत, मग निथळून, उलटं दाबून पानं फुलवायची, मग कडकडीत तेलात, आणि वरून पाण्याचा हबका. तापल्या तेलावर पाणी! त्यानेच म्हणे पानं कुरकुरीत होतात. मी एका हातात झाकण धरून लांबूनच शिंपडते, ओटा नवऱ्याने पुसायचा असं ठरलंय.

ही रोमच्या ज्यूंची रेसिपी. 1555 साली पोप पॉल चौथ्याने त्यांना घेट्टोत, म्हणजे ज्यूंसाठीच्या वेगळ्या बंद वस्तीत, कोंडलं, ते 1870 पर्यंत, आणि आता त्याच गल्लीत हे खायला टुरिस्ट रांगा लावतात. 2018 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कार्यालयाने हरकत घेतली की अख्ख्या कळीतले किडे निघत नाहीत, सबब कोशर नाही, म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या धार्मिक नियमांत बसत नाही. रोमचे ज्यू भडकले. चवीच्या बाबतीत मी रोमवाल्यांच्या बाजूने, पण हे धड साफ होत नाही हे रब्बींचं म्हणणं मला अगदी आतून पटलं.

नवऱ्याकडे पाठ केलेलं उत्तर आहे, "एका कच्च्या आर्टिचोकमध्ये जेमतेम 60 कॅलरी, वर 7 ग्रॅम फायबर, भाजीच तर आहे." अरे पण कच्च्या! कढईतलं तेल कोणाच्या खात्यात टाकायचं? आणि त्या फायबरमध्ये इन्युलिन असतं, ते पचत नाही, खाली आतड्यात जाऊन गॅस करतं. मग मध्यरात्री ओव्याची बाटली कुठे ठेवलीय हे विचारायला मलाच उठवतात.