वाळत घातलेलं चित्र

चित्रकार पाहुणा म्हणून घरी आला की घरच्यांची पंचाईत होते. डॉक्टर आला तर त्याला गुडघा दाखवता येतो, वकील आला तर सोसायटीच्या पार्किंगचं भांडण त्याच्यापुढे मांडता येतं. चित्रकाराला काय विचारणार? ठाण्याच्या चरईतल्या माझ्या मावशीनं यावर लगेच तोड काढली. सकाळी चहाचा कप पुढे करत ती विचारते, "सुचलं का काही?" आवाजाची पट्टी अगदी तीच, ज्या पट्टीत ती रात्री चूर्ण घेऊन झोपलेल्या काकांना विचारते, "झालं का साफ?" उत्तर नकारार्थी आलं की आम्हा दोघांनाही एकच उपाय सांगितला जातो. "तलावपाळीला एक फेरी मारून या."

मी कोल्हापूरची. ठाण्यातल्या तलावांची जलरंगात मालिका करायची म्हणून पावसाळाभर मावशीकडे मुक्काम ठोकलाय. तळं आणि चित्रकार ही जोडी आमच्याकडे जुनी. आबालाल रहिमान कोटीतीर्थाच्या काठावर राहून चित्रं काढत. १९२२ साली शाहू महाराज गेले, तेव्हा त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं त्याच तळ्यात सोडून दिली, असं गावात सांगतात. लहानपणी हे ऐकून जीव हळहळायचा. आता वाटतं, तेवढे कष्ट तरी कशाला? ठाण्याच्या ऑगस्टात नुसती खोलीत ठेवली असती तरी तेच झालं असतं.

कारण इथं कागद वाळत नाही. जलरंगाचा सगळा खेळ वाळण्यावर असतो. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, घालायचा, तो ओला असतानाच ढग सोडायचे, मग पूर्ण वाळू द्यायचा आणि त्यावर झाडं उभी करायची. घाई केली की झाड आकाशभर पसरतं. कोल्हापुरात मार्च-एप्रिलमध्ये वॉश घालून चहाचे दोन घोट घेतले की कागद तयार. इथं वॉश घातला, चहा झाला, पोहे झाले, मावशीचं शेजारच्या काकूंशी दारात उभं राहून 'निघते हं' म्हणणं सुरू होऊन संपलं, तरी कागदाला हाताची मागची बाजू लावली तर गार. गार म्हणजे आत अजून ओल आहे. मग घरातले सगळे मदतीला येतात. काकांनी चित्र फ्रिजच्या मागे उभं करून ठेवलं. मावसभावाने केस वाळवायचं मशीन आणलं, त्यानं आकाश एका कोपऱ्यात गोळा झालं. मावशीनं ते सरळ बाल्कनीतल्या दोरीवर, काकांच्या बनियनशेजारी चिमट्यांनी अडकवलं. समोरच्या इमारतीतून एक बाई ओरडल्या, "अहो, पावसाचं चित्र आहे का? छान ओलं दिसतंय!"

बाहेर काढायला बसावं तर प्रेक्षक. तलावपाळी म्हणजे कागदोपत्री मासुंदा तलाव. एका बाजूला १९७८ सालचं गडकरी रंगायतन, पलीकडे जांभळी नाक्याच्या अंगाला कौपिनेश्वराचं देऊळ, मध्ये बोटी. बोर्ड मांडीवर घेऊन कठड्याशी बसले की पहिली पाच मिनिटं बरी जातात. मग पाठीमागे श्वास ऐकू येतात. ठाणेकर नाटकाला जाणारा माणूस, त्यामुळे फुकटचा प्रयोग दिसला की तो उभा राहतो आणि पडदा पडेपर्यंत हलत नाही. "ताई, बोट लहान झाली." "आमच्या बाल्कनीतून जास्त चांगलं दिसतं." "ऑर्डर घेता का? माझ्या साडूंचा फोटो आहे." एक गृहस्थ फोनवर थेट वृत्तांत देत होते, "हां, इथं एक बाई चित्र काढतायत. नाही, ओळखीच्या नाहीत. नाही, बरं काढतायत." माझ्या कामाची इतकी नेमकी समीक्षा आजवर छापून आलेली नाही.

मध्येच सर आली. एका तरुणानं धावत येऊन छत्री धरली. चित्रावर. मी तिच्या पागोळीखाली चिंब. "तुमचं ठीक आहे हो ताई," तो म्हणाला, "चित्र भिजायला नको." पोरगं मनानं चांगलं होतं, म्हणून गप्प बसले.

रोज सकाळी फिरायला येणारे एक आजोबा आहेत. ठाण्यात नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्या आगगाडीची गोष्ट सांगितल्याशिवाय इथल्या ज्येष्ठांना चालणं पूर्ण झाल्यासारखं वाटत नसावं. "१६ एप्रिल १८५३," आजोबा सुरू करतात, "बोरीबंदर ते ठाणे. चौतीस किलोमीटर. १४ डबे, तीन इंजिनं. साहिब, सिंध आणि सुलतान. हे काढा. तळ्यात काय आहे?" मी विचारलं, गाडीत माणसं किती होती? "चारशेच्या आसपास." मी ठाणे स्टेशनवर संध्याकाळची लोकल पाहिली आहे. चारशे माणसं तर तिथं बहुतेक दोन डब्यांच्या दारांतच लटकत असतील. मी म्हटलं, चौदा डब्यांत चारशेच म्हणजे चित्र सोपं आहे, माणसं सुटी सुटी काढता येतील. आजोबांना हा विनोद आवडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन इंजिनांची नावं मला पुन्हा विचारली. पाठ होती, म्हणून सुटका झाली.

गर्दी टाळायला उपवनला गेले. तलावामागे येऊरचे डोंगर, त्यांच्यावरून उतरणारा पाऊस, करड्या रंगाच्या दहा तऱ्हा. निळ्या अल्ट्रामरीनमध्ये तपकिरी बर्न्ट सिएना थोडी थोडी वाढवत नेली की हे सगळे करडे एकाच वाटीत सापडतात. मी खूश. इतक्यात ढग खाली आला आणि डोंगर गडप. मीही तसंच रंगवलं, तळ्याच्या वर नुसता पांढुरका धूसरपणा. कणीस खात उभ्या असलेल्या एका काकांनी बराच वेळ पाहिलं.

"डोंगर नाही काढला?"

"दिसत नाहीये ना, काका."

"पण आहे ना तिथं."

"आहे, पण आत्ता दिसत नाही."

"आम्हाला माहितीये ना आहे ते!" काकांनी कणसाच्या दाण्यांकडे पाहत निकाल दिला, "बाहेरच्या माणसाला काय कळणार."

यावर कलाशाळेत शिकवलेलं कुठलंच उत्तर चाललं नाही.

घरच्या काकांची मागणी वेगळी. त्यांना सोफ्याच्या वर लावायला फ्लेमिंगो हवे आहेत. ठाणे खाडीत गुलाबी पक्ष्यांचे थवे उतरतात हे खरं, पण ते हिवाळ्याच्या तोंडाला येतात आणि पावसाच्या आधी जातात, बरेचसे कच्छकडचे. ऑगस्टात खाडीवर मला काय दिसणार? "मग मनानं काढ," काका म्हणाले. "पाय लांब, चोच वाकडी. गुलाबी तेवढा सोफ्याच्या उशांना मॅचिंग घे." नमुना म्हणून त्यांनी उशी माझ्या खोलीत आणून ठेवली. ती अजून तिथंच आहे आणि खरं सांगायचं तर पाठीला बरी पडते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण मग कोल्हापुरातून आणलेल्या कागदांनीच दगा दिला. जलरंगाच्या चांगल्या कागदाला बनवतानाच जिलेटिनची खळ दिलेली असते. खळ आहे म्हणून रंग वर राहतो, हलवता येतो, चुकला तर ओल्या ब्रशनं उचलता येतो. कागद दमट हवेत पडून राहिला की ती खळ जागोजागी मरते. कोऱ्या कागदावर बोट फिरवून काही कळत नाही. वॉश घातला की मग आकाशात गडद ठिपके उमटतात, कारण तिथं रंग टेकताक्षणी थेट आत गेलेला असतो. उचलायला गेलं तर कागदाचा लगदा वर येतो. हे मी तलावपाळीवर खूप जणांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मग चांगला कागद घ्यायचा ना!" मावशीनं फक्त एवढंच विचारलं, की हे ठिपके म्हणजेच सुचलेलं का?

त्यातलं उपवनचं एक चित्र मात्र ठिपक्यांसकट मला आवडलं. ढगात ते खपून गेले होते. पण कागद फुगून त्याला लाटा आल्या होत्या. अशा चित्राला पाठीमागून किंचित पाणी मारून, वर सुती कापड टाकून कोमट इस्त्री फिरवली की ते सपाट बसतं. मावशीकडे इस्त्री नाही. सगळे कपडे गेटजवळच्या इस्त्रीवाल्याकडे जातात. त्याची कोळशाची जड इस्त्री बघून मला धीर होईना, तरी गेले. त्यानं चित्र उलटसुलट पाहिलं, कशाचं आहे हे विचारलं नाही. भावाचा प्रश्न होता. शर्टाचा दर ठरलेला, साडीचा ठरलेला. हे कशात धरायचं? ओट्यावरच्या गठ्ठ्यातून त्यानं एक उशीचा अभ्रा काढला, चित्रावर पसरून मापला. दोन बोटं इकडेतिकडे, पण बसला. वहीत मावशीच्या फ्लॅटच्या नंबरापुढे त्यानं लिहिलं, 'अभ्रा १'.

मग त्यानं इस्त्री बाजूला ठेवली. चित्राचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून, धोतराचा पोत बघावा तसा, हळूहळू चोळला. आमच्या घरात, तलावपाळीवर, उपवनला इतक्या लोकांनी चित्राला हात लावला होता, असा कोणीच लावला नव्हता.

"ताई, माल चांगलाय," तो म्हणाला, "पण खळ गेलीये याची. स्टार्च मारू? पाच रुपये जास्त पडतील."