आईची तालीम

सकाळी सहाला कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर चालायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग बघा. त्यात माझीही मोपेड असते, खोटं कशाला बोलू.

आई मात्र उभ्या जन्मात 'वॉकिंग'ला गेली नाही. मंगळवार पेठेतनं रोज कपिलतीर्थला भाजीला जायची. जायला दहा मिनिटं, यायला दहा. आठवड्याची झाली १४०. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्याइतकी हालचाल सांगते. आई मेथीच्या पेंड्यांसकट तिथवर पोचत आली होती.

वर्षभर झालं, ती रिक्षानं जाते. मी गुडघ्यांना बोल लावत होतो. परवा तिच्यासोबत चालत गेलो तेव्हा कळलं. फुटपाथवर चढताना तिनं एका हातानं विजेचा खांब धरला, दुसऱ्यानं माझा खांदा. घरी येऊन तिच्याच शिलाईच्या डब्यातली टेप घेतली, परत गेलो आणि मोजलं. अकरा इंच! रस्ते कसे बांधायचे हे ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या सूचनांत फुटपाथची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच सांगितलीय. वर चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा. इथं चढलं की चार पावलांवर बुलेट लावलेली, पुढं विजेची डीपी. उतरा परत अकरा इंच.

आणि हे कुठं, तर कोल्हापुरात. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. पेठेपेठेत तालमी. पोरगं लंगोट घेऊन घरातनं निघालं की पाच मिनिटांत लाल मातीत. पण आईच्या पिढीतल्या बायकांना तालमीत कोण घेत होतं? त्यांची तालीम म्हणजे रस्ता. तोच काढून घेतला आणि बदल्यात बागेत ओपन जिमची यंत्रं बसवली. आमच्या जवळच्या बागेत एकावर पोरं झोके घेतात, दुसऱ्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळतोय.

फुटपाथवरच्या गाड्या काढा म्हटलं की दुकानदार म्हणतील, गिऱ्हाइकानं गाडी लावायची कुठं? रास्त आहे. पण नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती गाड्या बंद असतात, तेव्हा महाद्वार रोडचा धंदा बुडाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

परवा परत येताना आई सरळ रस्त्यावरनंच चालली. मागनं एकानं हॉर्न लावला. मी तिला बाजूला ओढायला गेलो, तर म्हणाली, "वाजवू दे की. मला वर चढवायला त्याचा बा येणार हाय का?"