खुलासा: जपानी सुरी आणि ‘हजार घड्या’

‘जपानी सुरीचं पोलाद हजार वेळा दुमडतात, म्हणून ती कधीच गंजत नाही’ हा मेसेज परवा मीच पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे.

घड्यांची गोष्ट तलवारीची, आणि तिथेही घड्या साधारण १० ते १५च. दर घडीला थर दुप्पट होतात. दहाव्या घडीलाच १,०२४ थर. हजाराचा आकडा बहुधा इथूनच आला. ओसाकाजवळच्या साकाईत स्वयंपाकाची पारंपरिक सुरी घडवताना मऊ लोखंडावर कठीण पोलादाची पट्टी तापवून, ठोकून एकजीव करतात. घडवणारा एक, धार लावणारा दुसरा, मूठ बसवणारा तिसरा. माझ्या सुरीवर दोन धातूंची सीमा नीट दिसते: वर धुरकट, धारेकडे चकचकीत.

गंजाचं म्हणाल तर, अशा सुऱ्यांच्या धारेला वापरतात त्या ‘शिरोगामी क्रमांक २’ या पोलादात कार्बन १ टक्क्याहून थोडा जास्त असतो, गंज रोखणारं क्रोमियम मात्र जवळपास नसतंच. लिंबू कापून सुरी अर्धा तास तशीच ओट्यावर राहिली, तर नारिंगी डाग पडले! (स्टेनलेसच्या जपानी सुऱ्याही मिळतात, ते वेगळं.)

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.