‘शहर जाळलं की शत्रू शरण येतो’ या दाव्यातलं खरं-खोटं

फॉरवर्ड होत फिरणारा दावा असा: “शहरांवर बॉम्बचा वर्षाव करा, लोक सरकारविरुद्ध उठतात, कारखाने बंद पडतात, युद्ध आटोपतं. जर्मनी असाच हरला. ड्रेस्डेनमध्ये एका रात्रीत दोन लाख मेले.”

शेवटचा आकडा आधी निकालात काढू. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४५च्या ब्रिटिश-अमेरिकी हल्ल्यानंतर जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या पोलीस अहवालात २०,२०४ मृतांची नोंद होती. नाझी प्रचारखात्याने पसरवलेल्या प्रतीत त्याचे २,०२,०४० झाले. शेवटी एक शून्य, बस. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० साली ‘जास्तीत जास्त २५,०००’ असा निष्कर्ष दिला.

“लोक उठतात.” लंडनवर ७ सप्टेंबर १९४०पासून ५७ पैकी ५६ रात्री जर्मन बॉम्ब पडले, सरकार टिकलं. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराचं तर त्याहून भीषण झालं. २७ जुलै १९४३च्या रात्री आधी मोठ्या स्फोटक बॉम्बनी छपरं आणि खिडक्या उडवल्या, मग उघड्या पडलेल्या माळ्यांवर जेमतेम पावणेदोन किलोचे आगलावे बॉम्ब हजारोंनी पडले. हवा कोरडी आणि उष्ण होती. आगी एकमेकींत मिसळल्या, तापलेली हवा वर गेली आणि तिची जागा घ्यायला रस्त्यांतून वादळी वारा आत ओढला गेला. तळघरांत लपलेले अनेक जण भाजून नव्हे, कार्बन मोनॉक्साइडने गेले. आठवडाभराच्या त्या हल्ल्यांत ३५ हजारांहून अधिक माणसं मेली. तरीही उठाव झाला नाही. माणसं खचली हे खरं. पण खचलेला माणूस डोक्यावरचं छप्पर आणि भाकरी शोधतो, आणि पोलिसी राज्यात दुसऱ्या दिवशी कामावरही जातो.

“कारखाने बंद पडतात.” पाच महिन्यांत हॅम्बुर्गची उत्पादनक्षमता सुमारे ८० टक्क्यांवर परत आली. कारखान्याचं छप्पर कोसळतं, पण लेथ, प्रेससारखी यंत्रं जड असतात. ढिगारा उपसला की त्यातली बरीचशी चालू करता येतात. जर्मनीचं विमान-उत्पादन सर्वाधिक झालं ते १९४४ साली, हल्ले चालू असताना.

शिवाय बॉम्ब मुळात लागत किती होते? साडेसात किलोमीटर उंचीवरून सोडलेल्या बॉम्बला जमिनीवर यायला चाळीसेक सेकंद लागतात, म्हणून तो लक्ष्याच्या तीन-साडेतीन किलोमीटर अलीकडेच सोडावा लागतो. मधल्या थरांत वारा वेगवेगळा, खाली ढग किंवा धूर, आणि निशाणयंत्र कितीही भारी असलं तरी विमान काही मिनिटं सरळ, एका उंचीवर ठेवायचं, तेही तोफांच्या माऱ्यात. त्यात पुढच्या विमानाने बॉम्ब सोडले की मागची सगळी सोडत. म्हणजे एकाची चूक सगळ्या तुकडीची. अमेरिकेच्या युद्धोत्तर पाहणीप्रमाणे नेमक्या लक्ष्यांवर टाकलेल्या बॉम्बपैकी सुमारे २० टक्केच तीनशे मीटरच्या वर्तुळात पडले. ब्रिटिशांच्या रात्रीच्या हल्ल्यांची गत १९४१ साली याहून वाईट होती. लक्ष्य गाठल्याचं सांगणाऱ्या विमानांपैकी तीनातलं एकच लक्ष्याच्या आठ किलोमीटरच्या आत पोचलं होतं.

“जर्मनी असाच हरला.” बॉम्बहल्ले वाया गेले असं मुळीच नाही. पण लागू पडले ते इंधनावरचे. कृत्रिम (कोळशापासून बनवलेल्या) इंधनाच्या कारखान्यांत निघणारं विमानांचं पेट्रोल एप्रिल १९४४मध्ये १,७५,००० टन होतं, सप्टेंबरात ५,००० टन. विमानं होती, उडवायला पेट्रोल नव्हतं. नव्या वैमानिकांचं प्रशिक्षणही त्यापायी आखडलं. इथेही एका फटक्यात काही झालं नाही. लॉयना हा एकच कारखाना घ्या. दर हल्ल्यानंतर तिथे दुरुस्ती सुरू व्हायची, चक्रं फिरू लागायची, की पुन्हा विमानं. असे २२ हल्ले, ६,५५२ विमानफेऱ्या, १८,३२८ टन बॉम्ब आणि जवळपास एक वर्ष. एवढं करूनही तिथलं उत्पादन कायमचं शून्यावर आलं नाही. पहिल्या हल्ल्यापासून शेवटपर्यंत ते क्षमतेच्या सरासरी ९ टक्के राहिलं.