विचारता कशाला मग?

आज डोकं फिरलंय त्यामुळे जे सुचेल ते टाइप करतेय, शुद्धलेखन बघत बसू नका. मी पॅरिसच्या दक्षिणेला आंतोनीत राहते, आरईआर बी या लोकल गाडीच्या लाइनवर, नऊ वर्षं झाली, आणि दर मे-जूनमध्ये आमच्या घराची धर्मशाळा होते. त्याबद्दल तक्रार नाहीये, या, राहा, माणसं आली की बरंच वाटतं, येताना भडंग आणता त्याचंही कौतुक आहे. तक्रार वेगळीच आहे. तीन महिने आधी फोन येतो, "अगं तू तिथलीच, तू सांग ना नीट सगळं", मग मी ऑफिसातून येऊन रात्री साडेअकरापर्यंत बसून मेसेज लिहिते, हाताने कॉपी केला तर फुलस्केपची चार पानं होतील एवढा, आणि त्यावर समोरून काय येतं तर अंगठा. फक्त अंगठा. आणि इथे उतरल्यावर ऐकायचं कुणाचं, तर २०१२ साली टूरच्या बसमधून पॅरिस 'करून' आलेल्या कॉलनीतल्या काकांचं, नाहीतर कुठल्यातरी पोराच्या तीस सेकंदांच्या रीलचं.

यंदा सांगलीहून ताई-भाऊजी आणि दोन पोरं आलीयेत. गुरुवारी उतरले. मी लिहिलं होतं की एअरपोर्टवर प्रत्येकी एक साधं एअरपोर्टचं तिकीट घ्या, तेरा-चौदा युरो, बाकीचं घरी आल्यावर मी बघते. पण रीलमध्ये म्हणे वीकली पास बेस्ट. बेस्टच आहे हो, एअरपोर्टपासून व्हर्सायपर्यंत सगळं त्यात येतं, पण तो पास सोमवार ते रविवार चालतो!! घेतल्या दिवसापासून सात दिवस नाही, सोमवार ते रविवार, मग तुम्ही गुरुवारी घ्या नाहीतर बुधवारी. शुक्रवारी गेले असते तर मशीननेच पुढच्या आठवड्याचा दिला असता, पण गुरुवारपर्यंत चालू आठवड्याचा मिळतो, त्यामुळे भाऊजींनी माणशी बत्तीसेक युरो भरून चार दिवसांचा पास घेतला, शिवाय फोटो लावायच्या कार्डाचे पाच-पाच वेगळे. मेसेजमध्ये होतं हे. ठळक अक्षरात होतं.

सोमवारी सकाळी गेटला लाल दिवा लागल्यावर भाऊजी तापले, माझ्यावर नाही म्हणा, पण त्यांचा स्वभाव असा की एकदा पैसे गेले की पुढच्या ठिकाणी वाचवायचेच. म्हणून त्यांनी दोन युरोचं एक नाविगो ईझी कार्ड घेतलं आणि त्यावर दहा तिकिटं भरली. चौघांत एक कार्ड. अहो एका वेळी एका कार्डावर एकच माणूस जातो, लहान पोराला पण त्याचं त्याचं लागतं, दोन युरोचं तर कार्ड आहे! पण नाही. स्वतः टॅप करून आत गेले, कार्ड गेटवरून मागे ताईच्या हातात दिलं, ताईने टॅप केलं, गेट ढिम्म. मग मागून दोन्ही पोरांना आणि ताईला कुणाच्या तरी पाठोपाठ ढकललं, आणि पलीकडे जिना उतरून वळल्याबरोबर भिंतीला टेकून पाच तपासनीस उभे. ते कायम वळणावरच उभे असतात, आपण परत फिरूच शकत नाही अशा जागी. भाऊजी त्यांना कार्ड दाखवून सांगतायत, "टेन तिकीट, टेन! फोर पीपल!" आणि तो माणूस शांतपणे त्याच्या मशीनवर कार्ड टेकवून म्हणतो, एकच पंच झालंय. तिघांचा दंड, जागेवर, शंभराच्या वर. ती पिवळी पावती आता आमच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे, मीच लावलीये, जाता-येता दिसू दे सगळ्यांना.

आणि हो, भाऊजींना दंड यूपीआयने भरायचा होता. कारण काकांनी सांगितलंय की पॅरिसमध्ये आता यूपीआय चालतं. चालतं ना, २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी सुरू झालं, एकदोन बड्या दुकानांत चालतं. म्हणजे पाववाला, मेट्रो, कोपऱ्यावरचा भाजीवाला सगळे क्यूआर कोड लावून बसलेत असं नाही ना होत. हसू की रडू.

काकांचं ज्ञान सगळं त्या जमान्यातलं आहे. दहा तिकिटांचं कागदी बंडल घ्या म्हणतात, ते मिळत नाही आता. झोन बघून तिकीट घ्या म्हणतात, २०२५ च्या जानेवारीपासून झोन गेले, मेट्रो आणि आरईआरला एअरपोर्ट सोडून कुठेही जा एकच दर, अडीच युरोच्या आसपास, बसचं मात्र तिकीट वेगळं आणि मेट्रोचं तिकीट बसला चालत नाही, तेही कुणी ऐकत नाही. पुलाला प्रेमाचं कुलूप लावा म्हणतात. काका, पाँ दे झार वरची कुलपं २०१५ मध्ये काढून टाकली, वजनाने कठडा तुटायला लागला होता. ताईने चाळीस रुपयांचं पितळी कुलूप आणलंय सांगलीहून, नावं कोरून. आता ते आमच्या सायकलला लावलंय.

रविवारचं ऐका. कोपऱ्यावरच्या बेकरीत भाऊजी गेले, काचेवर बोट ठेवून म्हणाले, "टू." काउंटरवरची पोरगी म्हणाली बोंझूर. भाऊजी, "टू, धिस." ती परत, बोंझूर. तिसऱ्यांदा तिने इतकं हळू आणि ठासून म्हटलं की मागची म्हातारी माझ्याकडे बघायला लागली, मी मागे उभी, मान खाली. घरी आल्यावर भाऊजींचं प्रवचन, फ्रेंच लोक फार माजोरडे. अहो तुमच्या दुकानात कुणी येऊन नमस्कार-चमत्कार न करता नुसतं बोट दाखवून "दोन" म्हटलं तर तुम्ही काय आरती ओवाळाल का त्याची? इथे आधी बोंझूर, मग बाकीचं. एक शब्द आहे. संध्याकाळी बोंसुआर, हे दोन शब्द पाठ केलेत तर निम्मं पॅरिस तुमच्याशी नीट वागेल, मी गॅरंटीने सांगते, पण नाही, आपण चार वाक्यं पाठ करणार ती 'माझं फ्रेंच चांगलं नाही' टाइपची, ऍपवरून, आणि नेमका बोंझूर विसरणार.

जेवणाचं तर विचारूच नका. दुपारी चारला भूक लागली म्हणून मोंमार्त्रला हॉटेल शोधत फिरले, अर्धा तास. इथे किचन दोन-अडीचला बंद होतं ते सातपर्यंत उघडत नाही बहुतेक ठिकाणी, हे लिहिलं होतं. शेवटी बेकरीतून ताईने कीश (खारा टार्ट) घेतलं, "भाज्यांचं दिसतंय गं", अर्धं खाल्ल्यावर मला फोटो पाठवला. कीश लोरेन. डुकराचं मांस असतं त्यात, बारीक तुकडे. एकादशी करणारी बाई ती. मी खरं सांगू की नको यात दहा मिनिटं गेली माझी, मग सांगितलं, मग ती दोन दिवस नीट जेवली नाही. ला शापेलला जा म्हटलं होतं ना, गार द्यू नॉर स्टेशनच्या शेजारी, श्रीलंकन तमिळ लोकांची अख्खी गल्ली आहे, डोसा मिळतो, इडली मिळते, तिथे ऑगस्टअखेर गणपतीची मिरवणूक निघते, रस्त्यावर नारळ फोडतात. पण ते "इंडियात मिळतंच की", म्हणून नाही गेले. आणि पाणी! चौघांत तीन बाटल्या पाणी, विकतचं. हॉटेलात काराफ द'ओ म्हणा, नळाचं पाणी जगमध्ये भरून फुकट देतात, द्यावंच लागतं त्यांना.

शनिवारी आयफेल. जूनमध्ये इथे सूर्य मावळायला रात्रीचे दहा वाजतात, लाइटिंगची चमचम अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं, म्हणजे अकराच. हे लिहूनही आठ वाजता टॉवरसमोर त्रोकादेरोला जाऊन बसले आणि तीन तास मला मेसेज, "अजून लागली नाही गं." धाकटा झोपून गेला भाऊजींच्या खांद्यावर. तेवढ्यात वही घेऊन सह्या मागणाऱ्या पोरी आल्या, मूकबधिरांसाठी म्हणे. ताईने सही केली, पत्ता लिहिला, आणि दहा युरो दिले. पर्स उघडी टाकून. पर्स वाचली हे तिच्या गजानन महाराजांचं काम, माझ्या मेसेजचं नक्कीच नाही.

आता आजचं. आज मंगळवार. सकाळी नाश्ता करताना मी विचारलं आज कुठे, तर भाऊजी म्हणाले सरप्राइज. मी मीटिंगमध्ये होते तेव्हा फोन. "अगं, ते काचेचं पिरॅमिड आहे ना, तिथे उभे आहोत, दार बंद आहे." लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं. ऑर्से म्युझियम सोमवारी, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी, पाँपिदू म्युझियम तर २०२५ पासून दुरुस्तीसाठी पाच वर्षं बंद. माझ्या मेसेजमध्ये याचा तक्ता होता, वारांसकट! शिवाय युरोपबाहेरच्यांना लूव्रचं तिकीट २०२६ च्या जानेवारीपासून २२ वरून ३२ युरो झालंय, अठराच्या आतल्या पोरांना फुकट आहे, आधी ऑनलाइन वेळ घ्या, हेही होतं. मी फोनवर काहीच बोलले नाही. म्हटलं, नोत्र दामला जा चालत, फुकट आहे, तिकीट विकणारा भेटला तर तो चोर समजा. परत येताना शेवटचं स्टेशन बघून गाडीत बसा, बूर-ला-रेनच्या पुढे लाइन फुटते, आपली सां-रेमीची. हेही मेसेजमध्ये आहे, तिसऱ्या पानावर, मी लाल गोळासुद्धा टाकला होता त्यापुढे.

आठ वाजले आत्ता. वरणभात झालाय, पोळ्या गार होतायत, आणि हे टाइप करता करता ताईचा मेसेज आला, स्टेशनच्या पाटीचा फोटो. रॉबिन्सन. "अगं हे कुठलं आंतोनी?"

गाडीची किल्ली कुठे ठेवली देव जाणे.